कौलांवर टाकलेला दात

माझे दुधाचे दात पांढरे होते. हे मी ऐकीव सांगत नाही, मला चांगलं आठवतं. समोरचा पहिला दात पडला तेव्हा तो तळहातावर घेऊन मी सगळ्या वस्तीला दाखवत फिरले होते. मग आईने मला अंगणात उभं केलं आणि तो कौलांवर फेकायला लावला. फेकताना उंदराला सांगायचं, माझा जुना घे आणि तुझा नवा दे. उंदराचे दात घट्ट आणि पांढरे, म्हणून सौदा त्याच्याशीच. आमच्या घरचा उंदीर मात्र लबाड निघाला. माझे नवे दात आले ते खडूसारखे खरबरीत आणि मळकट, आणि पुढे त्यांच्यावर तपकिरी पट्टे उमटले ते कायमचे.

आमचं गाव मुकुटबनकडचं. आमच्या वस्तीत माझ्या वयाच्या जवळजवळ सगळ्या पोरांचे दात असेच होते, त्यामुळे आपसात कोणी नावं ठेवत नसे. शाळेत मात्र वरच्या आळीतली पोरं आम्हाला ‘पिवळ्या दाताचे’ म्हणायची आणि मी पाटी उगारून त्यांच्या मागे धावायचे. मास्तर मलाच ओरडायचे.

आईचं माहेर बाभुळगावकडचं. तिचे स्वतःचे दात लख्ख. त्यामुळे तिची पक्की समजूत होती की पोरगी दात घासायचा कंटाळा करते. रोज सकाळी ती राखुंडी आणि मीठ घेऊन मला दोन गुडघ्यांत धरायची आणि आपल्या बोटाने घासायची, हिरडीतून रक्त येईपर्यंत. मी तिचं बोट कडकडून चावायचे.

“चाव माय, चाव! पण घासल्याबिगर सोडत नाई तुले. आपल्याले घाणेरडं म्हणाची संधीच कायले द्याची लोकाईले?”

तिचा राग दातांवर नव्हताच, हे मला फार उशिरा कळलं.

पुढे मी नर्सिंग केलं. स्थळं येऊ लागली तेव्हा एका मुलाच्या आत्याने माझं तोंड बघून हळूच विचारलं, “पोरगी खर्रा खाते काय?” मी म्हटलं, “खाते ना, तुमच्यासाठीपण तंबाखू-सुपारी घोटून आणू का?” ते स्थळ तिथेच संपलं. आईने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं आणि तिसऱ्या दिवशी चूल फुंकता फुंकता एकटीच हसत सुटली.

पण खरं सांगायचं तर मला लाज वाटायची, फार वाटायची. हसू आलं की माझा हात आपोआप तोंडावर जायचा. फोटोत मी कायम ओठ मिटलेली. मस्कतला एका दवाखान्यात नोकरी लागली तेव्हा पगाराइतकाच आनंद मला तोंडावरच्या मास्कचा झाला होता. तिथे मी एकदा धीर करून दातांच्या डॉक्टरकडे गेले. त्याने आरसा फिरवला आणि सिगारेट ओढता का म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं, तर त्याने भुवई उंचावली. मग दातांवर पातळ पांढरं कवच बसवायचा खर्च सांगितला. तेवढ्या पैशांत आमच्या गावी एक खोली उभी राहिली असती. मी पर्स उचलून निघून आले.

वॉर्डातल्या केरळच्या मुली मला वेड्यात काढायला लागल्या. “इथे कोण दात करतं? आम्ही दात, चष्मा, लग्न, सगळं सुट्टीत गावी उरकतो,” एक म्हणाली. तिच्या आईची कवळी, तिची स्वतःची अक्कलदाढ, नवऱ्याच्या तारा, सगळं गावच्या एकाच डॉक्टरकडे झालं होतं. मलाही ते पटलं. पुढच्या सुट्टीत मी फक्त दातांसाठी म्हणून घरी आले.

ते कापसाचे वाईट दिवस होते. भाव वाढेल म्हणून भावाने वेचलेला कापूस विकलाच नव्हता, आणि समोरच्या खोलीत तो आढ्याला टेकला होता. परदेशातून आलेल्या मला झोपायला जागा मिळाली ती त्या ढिगाच्या उतारावर. रात्रभर अंग खाजवत मी मस्कतचा एसी आठवत पडले होते. पण घरात एक नवं माणूसही आलं होतं, भावाची मुलगी, आमची लहानी. नुकतीच पावलं टाकायला लागलेली. समोरचे चार दात दाखवत ती मला बघून हसली आणि मी तिच्यावर जीव टाकून बसले.

वणीला दातांचे डॉक्टर आहेत हे भावाने शोधून ठेवलं होतं. आई बरोबर निघाली. “भूल देतात म्हणते. एकटी काहून जाशील?” एवढंच तिचं कारण. दवाखाना एका औषधाच्या दुकानाच्या वर होता. खालून कोळशाचे ट्रक जात होते आणि खिडकीची काच कितीही पुसली तरी काळीच राहत असावी. डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, दिवा ओढला, माझे ओठ वर केले आणि नावगाव काही न विचारता म्हणाल्या, “मुकुटबनकडच्या का तुम्ही?”

मी दचकलेच. “तुम्हाला कसं कळलं?”

“दातांवर लिहिलंय. त्या भागातून असे कितीतरी येतात माझ्याकडे.” मग त्यांनी विचारलं, लहानपणी पाणी कुठलं प्यायचात. मी म्हटलं, वस्तीतल्या हातपंपाचं. त्यांनी मान हलवली. “खोलवरच्या पाण्यात फ्लोराईड असतं तुमच्याकडे. कायमचे दात हिरडीत घडत असतात तेव्हा ते पोटात गेलं की असे डाग पडतात. हा मळ नाही, ताई. हे आतून आलंय. कितीही घासा, जाणार नाही.”

तोवर माझ्या तोंडात कापसाच्या गुंडाळ्या बसल्या होत्या. पाकिटातल्या त्या गुंडाळ्यांकडे आई मघापासून डोळे लावून बसली होती, आणि भाव विचारायचा मोह तिला आवरला नाही. “हे एवढंसं पाकीट कितीले?” बाईंनी सांगितला तर ती म्हणाली, “आमच्या घरी या डॉक्टरीणबाई, खोलीभर फुकट देतो.” सगळे हसलो. पण ‘कितीही घासा’ हे शब्द तिच्या कानात आत्ता पोचले असावेत. ती आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे बघत राहिली. माझ्या तोंडात कापूस होता, नाहीतर मी तिला म्हटलं असतं, राहू दे माय, तू पण काय करणार होतीस.

तिने मान वर केली ती वेगळ्याच प्रश्नासाठी.

“मंग आमच्या लहानीचे?”

बाईंनी हातातलं अवजार खाली ठेवलं. लहानीचं वय विचारलं, ती काय पिते ते विचारलं. ती त्याच पंपाचं पाणी पीत होती. बाई म्हणाल्या, “दुधाचे दात चांगलेच असतील, त्यावर जाऊ नका. कायमचे पुढचे दात आत्ता घडताहेत, याच एक-दोन वर्षांत. पाणी आजपासून बदललं तर वाचायची आशा आहे. खात्री मी देत नाही.”

“उकळून देऊ?”

“उकळून हे जात नाही, काकू. पाणीच दुसरं पाहिजे. उथळ विहिरीचं बहुतेक चांगलं असतं, पण तपासून घ्या.”

मी माझ्या दातांसाठी विमानाने आले होते. वणीहून परत जाताना मात्र माझ्या डोक्यात लहानीच्या, अजून दिसतही नसलेल्या दातांशिवाय दुसरं काही नव्हतं.

गावात एकच उथळ विहीर होती, वरच्या आळीतली. मी पंपाची एक आणि त्या विहिरीची एक, अशा दोन बाटल्या भरून यवतमाळला तपासायला नेल्या. विहिरीची बाटली भावाने भरून आणली, मी गेले नाही. निकाल डॉक्टरीणबाईंनी सांगितला तसाच निघाला. पंपाचं पाणी लहान मुलांना देऊ नका, विहिरीचं गाळून, जंतू मारून खुशाल द्या.

मी घरी येऊन बाटल्या आपटल्या. “त्या विहिरीचं पाणी आपल्या घरात येणार नाही. मी पैसे पाठवीन, कॅन विकत आणा.”

मला राग येण्याचं कारण होतं. आई नवी नवरी होऊन या गावात आली तेव्हा आमच्या वस्तीला त्या विहिरीवर चढू देत नसत. घागर खाली ठेवून उभं राहायचं. वरच्या कोणाला दया आली तर तो वरून ओतायचा. पुढे आमच्या वस्तीत हातपंप बसला. आजोबांनी त्याच्या दांड्याला झेंडूचा हार घातला होता आणि पहिली घागर आईने भरली होती. ज्या पाण्यासाठी कोणापुढे उभं राहावं लागत नाही, ते हे पाणी. त्या दिवसापासून तिने विहिरीकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. आणि त्याच पाण्याने आमचे दात रंगवले होते. मला रडू यायला लागलं आणि रडू येतंय याचा आणखी राग आला.

आई शांतपणे लहानीला भाकरीचा पापुद्रा भरवत होती. कॅनवाला गावात येणार कधी आणि किती वर्षं पुरवणार, हा तिचा पहिला प्रश्न.

“हट्ट माहा होता,” ती म्हणाली. “मले शोभला. तो लहानीच्या दातावर कायले काढू?”

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत ती कळशी घेऊन निघाली. मी मागोमाग गेले, भांडायची तयारी ठेवूनच. विहिरीजवळच्या ओट्यावर वरच्या आळीतली एक म्हातारी निवडण करत होती. तिने आईला ओळखलं. मी पदर खोचला. म्हातारीने विचारलं, “एवढ्या वर्षांनी इकडे कशी काय वं?”

“नातीच्या दातासाठी,” आईने सरळ सांगून टाकलं. पंपाचं, तपासणीचं, सगळं.

म्हातारीने सूप बाजूला ठेवलं. तिच्या तोंडात अजून सगळे दात होते आणि ते पांढरेशुभ्र होते. “म्हणून वं बाई!” ती म्हणाली. “आमच्या नातवाईचेही तसेच आले. घरोघरी बोअर मारले ना आता. मी त्याईले म्हणून राह्यली, पोट्टेहो दात घासत जा, दात घासत जा.” मग तिने आत हाक मारून दोर बांधलेली बादली मागवली आणि आईच्या हातात दिली. आई कठड्यापाशी गेली आणि तिने आपल्या हाताने बादली सोडली. बादली भरून वर येईपर्यंत मी भांडायचं विसरले होते. त्या घरून दुसऱ्या दिवशीपासून म्हातारीची सून आमच्याच वेळेला पाण्याला यायला लागली.

माझं काम त्या सुट्टीतच झालं. पाचसहा फेऱ्या, गालाला बधिरपणा, आणि वरच्या पुढच्या दातांवर नवं पांढरं कवच. डॉक्टरीणबाईंनी आरसा दिला तेव्हा मी बराच वेळ दुसऱ्याच कोणाला तरी बघत होते. घरी आईने तोंड उघडायला लावलं, उजेडात फिरवून पाहिलं आणि म्हणाली, “मस्त झाले. पण हासताना हात काहून ठेवतं आता?” मी हात काढला. पुढच्या हसण्याला तो परत तिथेच गेला. पुढची पाच वर्षं तो जातच राहिला.

त्या पाच वर्षांत फोनवर आई मला जेवलीस का विचारायच्या आधी सांगायची की आज पाणी आणलं. पावसाळ्यात विहीर गढूळ झाली तर फडक्याची चार पदरी गाळणी, वर तुरटी, वर उकळणं. लहानी पाहुणी गेली की तिच्याबरोबर बाटली. अंगणवाडीत बाटली. शाळेतल्या बाईंनी लाड म्हणून टोकलं तर आई त्यांनाही पाण्याचं सांगून आली.

मग एक दिवस फोन आला, लहानीचा दात पडला. तोवर कौलं जाऊन टिनं आली होती. तिने फेकलेला दात टण्ण वाजला आणि घरंगळून खाली आला. परत फेकला, तेव्हा राहिला. मी विचारलं, नवा दिसतो का? आई म्हणाली, “हिरडी फुगली हाय. मले नाई पाहाचं. तू ये, तू पाह्य.”

मी रजा टाकून आले तेव्हा दारातच लहानी ओठ घट्ट मिटून उभी होती. आजीने दम दिला होता, आत्या येईपर्यंत कोणाला दाखवायचं नाही. आई तिच्या मागे उभी. मी खाली बसले, लहानीची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. तिने तोंड उघडलं. वरचे दोन दात निम्मे बाहेर आले होते, करवतीसारख्या कडेचे. एकावर अगदी फिकट रेघ होती, माहीत असलेल्यालाच दिसेल अशी. बाकी सगळं पांढरं होतं.

“तू नर्स हायेस. खरं सांगजो,” आई म्हणाली.

“पांढरे आहेत, माय.”

ती तिथेच उंबऱ्यावर बसली. एकदा टिनांकडे बघून म्हणाली, “या टायमाले इमानानं वागला मेला उंदीर.” आणि तिचं ते चुलीपुढचं हसू फुटलं. लहानीलाही हसू आलं. मला तर आवरेचना. माझा एक हात लहानीच्या हनुवटीखाली होता, दुसऱ्याने मी आईला धरलं होतं. तोंडावर ठेवायला हातच उरला नव्हता.