दरवर्षी विचारलेली वाट

हिवरखेडजवळच्या आमच्या वावरात जायला सरकारी रस्ता नाही. शेजारच्या काकांच्या वावरातून गाडीवाट आहे, आजोबांच्या काळापासूनची. दर अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बाबा काकांच्या घरी जायचे, चहा घ्यायचे आणि म्हणायचे, "काका, यंदा बी तुमच्या वावरातून गाडी नेतो बरं."

"ने ना लेका. दरसाल इचारतं काय? वाट का मी संगं घेऊन जाणार हाय?"

आमच्याकडेही एक मावशी अशाच यायच्या. त्यांचा तुकडा आमच्या वावरामागे, आणि त्या आमच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, पायी जातात. नाही कोणीच म्हणत नसे. पण न विचारता जाणं आमच्या गावात मग्रुरीचं समजतात.

काका वारले. त्यांच्या मुलाने जेसीबी लावून वाटेवर आडवी नाली खोदली. बाबांनी कोर्टात दावा लावला. तोवर मी अमरावतीला कायदा शिकायला लागले होते. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे बाबांना वाटायचं, मला सगळं कळतं. मला थोडंच कळत होतं. वीस वर्षं उघडपणे, खंड न पडता आणि हक्काने वाट वापरली, तर दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्याचा हक्क मिळतो, एवढं वर्गात झालं होतं. आमची वर्षं त्याहून कितीतरी जास्त होती. मी निर्धास्त होते.

साक्षीच्या दिवशी मी मागच्या बाकावर बसले. समोरच्या वकिलाने अगदी गोड आवाजात विचारलं, "दर अखाजीला तुम्ही यांच्या वडिलांकडे जायचे ना?"

"हो जी."

"कशासाठी?"

"इचाराले. गाडी नेतो म्हणून."

"आणि ते हो म्हणायचे?"

"कधीच नाई म्हटलं नाई त्यायनं," बाबा अभिमानाने म्हणाले. काकांचा चांगुलपणा कोर्टालाही कळावा, असं त्यांना वाटलं असेल. आमच्या वकिलांनी मान खाली घातली.

निकालात लिहिलं होतं की वापर परवानगीने होता, हक्काने नव्हता, दावा फेटाळला. वकील म्हणाले, अपील करता येईल, किंवा महसूल कायद्याखाली तहसीलदाराकडे बांधावरून रस्ता मागता येईल, पण वेळ लागेल. तहसीलदाराकडे केलेला अर्ज अजून चालू आहे. यंदाचं सोयाबीन बाबा आणि आईने डोक्यावरून नालीपलीकडे आणलं.

निकालाच्या दिवशी घरी येताना एस.टी.त बाबांनी मला विचारलं, "माय, मी इचारलं नसतं, तं वाट आपली झाली असती?"

"झाली असती बहुतेक."

"म्हंजे मुजोरी केली असती तं हक्क, अन् रीत पाळली तं काईच नाई?"

कायद्यामागचं कारण मला माहीत होतं. चांगुलपणाने दिलेल्या परवानगीचा उद्या हक्क होऊ लागला, तर कोणी परवानगीच देणार नाही. ते मला पटतंही. पण बाबांच्या शेजारी बसून मी तिकिटांची घडी घालत राहिले.

या अखाजीला मावशी नेहमीप्रमाणे आल्या. आईने चहा ठेवला. "भाऊ, यंदा बी धुऱ्यावरून जाईन मी," त्या म्हणाल्या.

बाबा एकदम म्हणाले, "इचारू नोका बाई. आजपासून इचारूच नोका. तशाच जात जा."

मावशींचा चेहरा उतरला. "काऊन भाऊ? काई चुकलं का माह्यं?"

"नाई, नाई. तुमच्याच भल्यासाठी म्हणून राहिलो. सांग ना माय त्यायले."

मी सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. "तशाच जात जा" हीसुद्धा परवानगीच झाली. उद्या कोणी कोर्टात गेलं, तर मावशींच्या विरोधात हेच वाक्य वाचलं जाईल. बाबा माझ्याकडे बघत होते, बरोबर बोललो ना, असं.

"हो मावशी," मी म्हणाले.

मावशींनी चहा अर्धाच घेतला. त्या दिवशी वावरात जाताना त्या धुऱ्यावरून गेल्या नाहीत, नालीच्या बाजूने लांबून गेल्या.