अर्ध्यावर थांबलेली रबरी कडी

आमचा प्रौढांचा वर्ग बाईंच्या बैठकीच्या खोलीत भरत असे, त्यामुळे बाईंच्या यजमानांची ओळख झाली. ते डोंगरउतारावर चालवायच्या सायकलींचे आराखडे करीत. आम्ही अक्षरे गिरवीत असताना ते कामावरून येत, दारात बूट काढत आणि भिंतीला पाठ टेकून बराच वेळ तसेच बसत.

कारखान्याच्या मालकांना दर वर्षी सायकल नवी हवी असे. पुढचे चाक आणखी बोटभर पुढे न्या, म्हणत. त्या बोटभराने सांगाड्याच्या साऱ्या नळ्यांचे कोन बदलत आणि वर्षभराच्या कामावर पाणी फिरे.

"अशानं पुढचं चाक शेजाऱ्यांच्या दारात जायचं," बाई म्हणत.

"जाऊ दे. मागचं तरी घरात राहील," ते डोळे न उघडताच म्हणत.

पूर्वी दोघे सुटीला मिळून डोंगरावर जात. मग यजमानांनी आखलेली सर्वांत लहान मापाची सायकल बाईंना मिळाली आणि त्यांची कंबर धरू लागली.

"दगडावरनं गेलं की हाडं खिळखिळी होतात हो."

"तू घाबरून ताठ बसतेस."

बाईंनी सायकल भिंतीला टांगली ती टांगलीच. एकट्याने जाण्यात यजमानांचे मन रमेना.

एका रविवारी टांगलेल्या सायकलवरची धूळ पुसताना त्यांचा हात मागच्या शॉकपाशी, धक्के झेलणाऱ्या नळीपाशी, थांबला. शॉकच्या दांड्यावर एक रबरी कडी असते. धक्क्याने दांडा जितका आत जाईल, तितकी ती सरकते आणि तिथेच राहते. शॉक नरम व्हावा म्हणून त्यातली हवा कमी करूनही ही कडी अर्ध्यापर्यंतच गेली होती. लहान मापासाठी त्यांनी नळ्या आखूड केल्या होत्या. शॉकला दाबणारा सांधा मात्र धिप्पाड माणसाच्या वजनाला बेतलेलाच राहिला होता. बाईंखाली तो दबतच नव्हता.

त्यांनी मालकांकडे वेगळा सांधा मागितला.

"एकाच सांध्यात सगळी मापं भागतात की. आता तुमच्या बायकोसाठी साचा काढू का?"

"तिच्यासाठी म्हणा हवं तर."

मालक हसले आणि पुढच्या चाकाकडे वळले.

त्यानंतर कित्येक संध्याकाळी, अंगात त्राण नसताना, यजमान घरीच नव्या सांध्यासाठी धातूची पट्टी घासत बसले. आम्ही मोठ्याने वाचत असू आणि कानस करकरत असे.

"अहो, माझे विद्यार्थी वाचतायत की तुमची कानस?" बाई वैतागत.

अखेर त्यांनी सायकल खाली उतरवली, सांधा बसवला आणि कडी मूळ जागी ओढली. बाई वह्या तपासत होत्या.

"तुझंच खरं होतं," ते म्हणाले. "जरा बसतेस? चालवायची नाही. मी धरतो. नुसती बस."