उल्काताईंच्या वजनाचे तांदूळ

श्रीनिवास गोवंडे आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. चौतीस वर्षं त्यांनी एका कारखान्याच्या मापन विभागात काढली. तयार होऊन आलेला भाग ठरल्या मापात आहे की नाही हे बघायचं आणि नसेल तर परत पाठवायचा, एवढंच काम. निवृत्तीच्या समारंभात कारखान्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते दिवसाला अकरा सेकंद मागे पडतं म्हणून गोवंड्यांनी तेही परत पाठवलं. माणूस वाईट नाही. फक्त आपल्या घरी आला की चहाच्या आधी भिंतीवरच्या फोटोंकडे बघतो, आणि त्यातला कुठला तिरका आहे हे सांगितल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नाही.

त्यांची बायको उल्काताई. जवळच्याच एका कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. आवाज खणखणीत आणि बोलणं मोजकं. दोन्ही गुडघ्यांना संधिवात, आणि हृदयाच्या कुठल्याशा तक्रारीमुळे डॉक्टरांनी गुडघे बदलायला साफ नकार दिलेला. त्यामुळे घर, लिफ्ट, सोसायटीच्या आवारातला बाक आणि अधूनमधून दवाखाना, एवढंच त्यांचं जग उरलं होतं. तक्रार मात्र करायच्या नाहीत. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "गुडघे आहेत, झाडं नव्हेत. छाटून पुन्हा फुटायचे नाहीत."

या बाईंकडे एक वही होती. मुळशीच्या पुढे एका डोंगराच्या उतारावर कारवीचं रान आहे. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. उल्काताई १९९७ साली विद्यार्थ्यांना घेऊन तिथे पहिल्यांदा गेल्या आणि मग २००४, २०११, २०१८ असा एकही बहर त्यांनी चुकवला नाही. प्रत्येक वेळी तारीख, झुडपांची उंची, फुलाची लांबी, मधमाश्या किती, सगळं त्या वहीत. पाचव्या ओळीत त्यांनी २०२५ असं पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. पेन्सिलीने का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

अडचण अशी की डांबरी रस्ता संपल्यावर त्या उतारापर्यंत चार किलोमीटर दगडगोट्यांची वाट आहे. २०१८ साली त्या ती काठी टेकत चालल्या होत्या. आता बाकापर्यंत जाताना दोनदा थांबायच्या. पुढचा बहर २०३२ ला, तेव्हा त्या पंचाहत्तरीत असणार. हा हिशेब आमच्या जिन्यावर सगळ्यांनी मनातल्या मनात केला होता. गोवंड्यांनी तो कागदावर केला आणि दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये जाऊन गाडीखाली आडवे झाले.

गाडीबद्दल सांगायला हवं. ती त्यांच्या मुलाची, गंधारची. तो कॅनडाला गेला आणि जाताना ही गाडी बापाच्या गळ्यात मारून गेला. दिसायला एसयूव्ही, पण स्वभावाने शर्यतीची. इंजिन अफाट, ब्रेक परातीएवढे, चाकं मोठी आणि त्यांच्यावर रबर जेमतेम. गुळगुळीत हायवेवर ती विमानासारखी जायची. सोसायटीच्या गतिरोधकावर मात्र तिचं पोट घासायचं आणि तो आवाज ऐकून गोवंड्यांचा चेहरा स्वतःला खरचटल्यासारखा व्हायचा. या गाडीला मोठे, जाड, खडबडीत टायर घालून ती त्या दगडांवरून न्यायची आणि उल्काताईंना कारवीपर्यंत पोचवायचं, असा त्यांचा बेत ठरला. घरात यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगणार होते ते सगळं मापात बसल्यावर.

दोन महिने हे चाललं. मोठे टायर म्हणजे नुसते विकत आणून लावले असं नसतं, ते मला तेव्हा कळलं. जाड रबर हवं तर आतली रिंग लहान घ्यावी लागते. रिंग फार लहान घेतली तर त्या परातीएवढ्या ब्रेकवर ती चढतच नाही. टायर मोठा झाला की स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. वळताना टायर चाकावरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला घासतो. गोवंड्यांनी या सगळ्याचे आलेख काढले. पुठ्ठ्याचा टायर कापला. तो घेऊन ते माझ्या बैठकीत आले, तेव्हा माझ्या बायकोला वाटलं गणपतीची सजावट आहे.

प्रत्यक्ष काम वारज्याच्या संजय ओव्हाळकडे होतं. सर्व्हिस रोडला त्याचं टायरचं आणि सस्पेन्शनचं दुकान आहे. पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. डोंगरात गाड्या घेऊन जाणारी हौशी मंडळी त्याच्याकडे रांग लावतात. त्याची एक पद्धत आहे. टायर चढवले की तो चाकाच्या वरच्या पोकळीत आतून ओला गेरू फासतो. मग गाडीत माणसं बसवायची, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, गाडी लाकडी ठोकळ्यावरून न्यायची. टायरला जिथे गेरू लागला तिथे तो घासतोय. तेवढीच जागा कापायची किंवा तापवून मागे दाबायची. आणि त्याचा नियम असा की गाडीत रोज जी माणसं बसणार, तीच माणसं गेरूच्या दिवशी आली पाहिजेत. सगळी.

"काकूंना आणा," तो गोवंड्यांना म्हणाला.

"त्यांना कशाला त्रास? वजन अठ्ठावन्न किलो आहे. मी व्यवस्था करतो."

"काका, वजन नाही म्हणत मी. माणूस आणा. पोतं गप बसतं. माणूस चढतो, उतरतो, एका अंगाला कलतो. गाडीला ते कळतं."

गोवंड्यांना हे अशास्त्रीय वाटलं. रिक्षातून मला म्हणाले, "अठ्ठावन्न किलो म्हणजे अठ्ठावन्न किलो. त्यात माणूस काय आणि धान्य काय?" खरं कारण मला माहीत होतं. उल्काताईंना वारज्याच्या धुळीत तासभर उभं करायची कल्पनाच त्यांना सोसत नव्हती. ते तसं म्हणाले असते तर संजयने ऐकलं असतं. पण बायकोचे गुडघे दुखतील असं परक्यासमोर म्हणणं हे त्यांच्या कुठल्याच कोष्टकात बसत नव्हतं.

गेरूच्या दिवशी आम्ही तीस किलो तांदूळ आणि अठ्ठावीस किलो गहू घेऊन गेलो. गव्हाचं पोतंही तीस किलोचंच होतं. गोवंड्यांनी त्यातले दोन किलो घरी काढून ठेवले होते. पुढच्या डाव्या सीटवर दोन्ही पोती ठेवून वर पट्टा लावला. पोती चढवायला हात मी लावला होता, तेव्हा या प्रकरणात मी निर्दोष नाही. मागे मी बसलो. संजयने पोत्यांकडे बघितलं, गोवंड्यांकडे बघितलं आणि गेरूची बादली उचलली.

परीक्षा चांगली झाली. दोनच ठिकाणी लाल लागलं. मग संजयने डॅशबोर्डवरचं एक बटण दाबलं आणि गाडी फुस्स करून खाली बसली. सामान चढवायला सोपं जावं म्हणून त्या गाडीत ही सोय होती. खाली बसलेल्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं तर टायर सगळीकडून घासला.

"हे बंद करून टाक," गोवंडे म्हणाले.

"घरात कुणाला लागत असेल तर?"

"सामान आम्ही उचलून ठेवतो. कोणाला लागत नाही."

संजयने बटण बंद केलं. गाडी वर गेली आणि वरच राहिली.

सप्टेंबरच्या शेवटी कादंबरीचा फोन आला. ही उल्काताईंची जुनी विद्यार्थिनी, ताम्हिणीच्या बाजूला राहते. उतार जांभळा झालाय म्हणाली, फार तर आठवडा टिकेल. त्या संध्याकाळी गोवंड्यांनी बायकोला सगळं सांगितलं. आमच्या दारापर्यंत उल्काताईंचं हसणं ऐकू आलं. मी त्यांना हसताना कितीतरी महिन्यांनी ऐकलं आणि मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही पार्किंगमध्ये. उल्काताईंनी बूट घातले होते, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत वही. गाडी समोर उभी. खरं सांगायचं तर झोकात दिसत होती. गोवंड्यांनी दार उघडलं. उल्काताईंनी दाराची कड धरली, उजवा पाय उचलला. गाडीच्या पायरीपर्यंत पोचायला तो चांगला वीतभर कमी पडला. त्यांनी खाली ठेवला. डावा उचलला. तोही नाही. मी धावत जाऊन घरातून पाट आणला. पाटावर त्या चढल्या, पण तिथून पुढे गुडघा वाकेना, आणि वाकवायला गेल्या तेव्हा त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला परत ऐकायचा नाही.

गोवंड्यांना तेव्हा ते बटण आठवलं. दोन वर्षं उल्काताई याच गाडीत बसून दवाखान्यात जात होत्या. कारण दर वेळी त्या लिफ्टमधून बाहेर येण्याआधी गोवंडे ते बटण दाबून गाडी खाली आणून ठेवायचे. हाताला सवय झाली होती. ती इतकी झाली की डोक्यातून गेली. उल्काताईंना तर असं काही बटण आहे हेच माहीत नव्हतं.

"अहो," उल्काताई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही सगळं मोजलंत ना?"

"हो."

"मग मोजताना माझ्या जागी कोण बसलं होतं?"

गोवंडे खोटं बोलत नाहीत. म्हणाले, "तांदूळ. आणि गहू."

"मग त्यांनाच दाखवून आणा कारवी."

आणि त्या पाटावरून उतरून लिफ्टकडे गेल्या. दोन ठिकाणी थांबून गेल्या. गोवंड्यांनी त्यांच्या मागे जाऊ नये असं मला वाटत होतं, आणि ते गेलेही नाहीत. गाडीच्या दाराशी उभे राहून त्यांनी खिशातला टेप काढला, पायरीची उंची मोजली आणि टेप परत खिशात ठेवला. मला त्यांचा राग आला होता. स्वतःचाही आला होता. ती पोती नंतर आमच्याच स्वयंपाकघरात आली होती, आणि त्यातला भात मी तीन आठवडे खात होतो.

आठ वाजता त्यांनी संजयला फोन केला. चुकलो, एवढंच म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

संजय दुकान सोडून स्वतः आला. लिफ्टने वर गेला, उल्काताईंशी काय बोलला देव जाणे, पण पंधरा मिनिटांनी त्यांना घेऊन खाली आला. गाडीच्या दारापाशी त्याने त्यांना उभं केलं.

"काकू, पाय उचला. दुखायच्या आधी थांबायचं. मला दाखवायला म्हणून जास्त उचलू नका."

उल्काताईंनी पाय उचलला. टायरवर खुणा करायचा पिवळा मेणखडू संजयच्या खिशात असतो. त्याने तो काढला आणि उल्काताईंच्या बुटाच्या तळाच्या उंचीवर, गाडीच्या दारावर एक आडवी रेघ ओढली. लख्ख काळ्या रंगावर. गोवंडे दर रविवारी ही गाडी दोन वेगवेगळ्या फडक्यांनी पुसतात. ते वाकून रेघ बघत राहिले.

"स्टिअरिंग सरळ, गाडी उभी, तेवढ्यापुरती खाली बसली तर टायरला काही होत नाही," संजय म्हणाला. "फिरवलं तरच लागतं. त्या दिवशी काकू असत्या तर तेव्हाच बसवून दिलं असतं." मग त्याने रेघेकडे बोट केलं. "बटण परत चालू करून देतो. तरी थोडी उंच पडेल. रेघेच्या खाली येईल अशी एक दुमडती पायरी लावतो."

दुपारपर्यंत ते झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही तिघं निघालो.

दगडांच्या वाटेबद्दल सांगण्यासारखं फार नाही. माझी कंबर आठवडाभर सांगत होती. गाडी मात्र हळूहळू, टायर एकेका दगडाला चिकटवत चढली आणि कुठेही घासली नाही. वर पोचल्यावर पायरी उघडून उतरायला सपाट जागाच मिळेना, म्हणून उल्काताई उतरल्या नाहीत. मला वाटलं, झालं, आता ही बाई पुन्हा म्हणणार तांदूळच बरे. पण त्या काच खाली करून नुसत्या बघत होत्या. कारवी डोक्याच्या वर वाढते. त्या एवढी वर्षं तिच्यातून चालल्या होत्या, त्यामुळे दिसायची ती हाताजवळची दहा-वीस झुडपं. त्या उंच सीटवरून आता सगळा उतार दिसत होता, खाली ओढ्यापर्यंत जांभळा. सगळीकडे माश्यांची गुणगुण.

"अहो, ते फूल नको. त्याच्या शेजारचं. उमललेलं."

गोवंडे झुडपात अर्धे शिरले होते. त्यांनी खिशातून व्हर्नियर काढला, फुलाला लावला आणि मिलिमीटर दशांशापर्यंत ओरडून सांगितले. उल्काताईंनी वही मांडीवर घेतली. आधी पेन्सिलीने लिहिलेल्या २०२५ वर पेन फिरवलं आणि मग त्यापुढे लांबी लिहिली. असं त्यांनी दहा फुलांचं केलं. दोघं एकमेकांशी आकड्यांपलीकडे एक शब्द बोलले नाहीत. इतका सुखी संसार मी फार थोडा पाहिलाय.

याला आता काही महिने झाले. टायर तेच आहेत, गाडी दवाखान्यापुरती बाहेर निघते. गोवंडे अजून दर रविवारी ती पुसतात. दारावरची पिवळी रेघ सोडून पुसतात. वॉचमनला वाटलं राहून गेली असेल, म्हणून तो फडकं घेऊन गेला तर त्याच्यावर खेकसले.

गेल्या रविवारी मी पेपर आणायला खाली गेलो होतो. गोवंडे दारापाशी उकिडवे बसले होते. त्या रेघेच्या दोन बोटं खाली आणखी एक पिवळी रेघ होती, नवी, आणि तिच्या शेजारी बारीक अक्षरात तारीख.

मी वाकून तारीख वाचली.

"पायरी अजून खाली घ्यावी लागेल," ते फडकं पिळत म्हणाले. "संजयशी बोललोय. बत्तीस सालापर्यंत वेळ आहे."