पितळ जास्त आकसतं

एलिजाभाऊ गेल्याचं मला येरुहामच्या बसमध्ये कळलं. "एलिजा गेला," शेजारची बाई म्हणाली, तेव्हा वाटलं, मुंबईला परत गेले... क्षणभर आनंदच झाला. त्याला आता दीड महिना होईल.

मुंबईत भाऊ रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. इथे, आम्हा ज्यूंच्या नव्या देशात, बेर्शेव्याच्या शीतगृहात आम्ही दोघं गोठवलेल्या मासळीची खोकी उचलायचो. हिब्रू त्यांच्या जिभेवर कधी बसलंच नाही, आणि हिब्रू न बोलणाऱ्याला कारागीर कोण मानणार? परत जायचं तर तिकडचं सगळं विकून आलेले. "उंदराच्या पिंजऱ्यासारखं आहे हे, मोझेस," ते म्हणायचे. "आत यायला दार आहे."

बासष्टच्या हिवाळ्यात शीतगृहाच्या दाराला नवा खटका बसवला. त्यात पितळी बूश, म्हणजे नळीसारखं कडं, आणि बुशातून फिरणारी बिडाची खुंटी. भाऊंनी ती फिरवून पाहिली आणि माझ्याकरवी फोरमनला सांगितलं, "बूश घट्ट झालंय. थंडीत बीड आकसतं, पण पितळ त्याहून जास्त आकसतं. खुंटीला आवळून धरील." फोरमन हसला. "बेसेदेर, बेसेदेर, सगळं ठीक आहे. तुम्ही मासे उचला."

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही आत असताना दार लागलं. खुंटी फिरवायचा आतला दांडा जागचा हलेना. मी लाथा मारल्या, ओरडलो, पण त्या जाड दारातून आवाज कुठला जायला? बाहेर सगळे जेवायला गेलेले. माझ्या पापण्यांवर बर्फ जमू लागला. मी रडत होतो, खोटं कशाला सांगू! भाऊ मात्र खुंटीवरून बोटं फिरवत होते.

"थर्मासमध्ये चहा आहे ना? दे इकडे."

तो गरम चहा त्यांनी धार धरून बुशावर ओतला, शेवटच्या थेंबापर्यंत. "आता लटक." आम्ही दोघं दांड्याला लटकलो. कर्रकन आवाज आला आणि दार उघडलं.

फोरमन धावत आला, म्हणाला, दांडा तुम्हीच उलटा ओढला असणार. भाऊ शांतपणे मला म्हणाले, "त्याला सांग, मी फिटर आहे. एक कानस दे म्हणावं, तासाभरात बूश नीट करतो." माझ्या घरी खाणारी चार तोंडं होती. मी हिब्रूत म्हणालो, "माफ करा, चूक आमचीच." फोरमननं भाऊंची पाठ थोपटली. भाऊ माझ्याकडे पाहत राहिले... मग खोकी उचलायला वळले. शेवटपर्यंत त्यांनी खोकीच उचलली.

सुतकाच्या सात दिवसांत मी त्यांच्या घरी गेलो आणि सारावहिनींना हे सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "त्यांना ठाऊक होतं. हिब्रू बोलता येत नसे, पण कळायचं तेवढं."

वाळवंटाचा गार वारा आत येत होता, म्हणून दार लावायला उठलो.

"राहू दे, मोझेसभाऊ," वहिनी म्हणाल्या. "त्या दिवसापासून ते घरात दार लावू देत नसत."