विनीत केळसकरचा एक वाचक

विनीत केळसकर एकोणीस वर्षं एकच काम फुकट करतो आहे, आणि ते कुणी वापरल्याचं त्याच्या ऐकिवात नाही. कॉम्प्युटरवर लिनक्स नावाची एक फुकट प्रणाली चालते. तिच्यातली इंग्रजी वाक्यं तो मराठीत आणतो. ‘फाइल जतन करा’, ‘पुन्हा प्रयत्न करा’, अशी हजारो वाक्यं. दापोलीजवळच्या मुरुडमधल्या घरातून तो ती पाठवतो, ती जगभर जातात आणि उलट टपाली काहीच येत नाही. चूक झालीय, असं कळवण्याइतकीही कुणाला त्याची आठवण होत नाही.

या खुळाचं मूळ लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत आहे. तिथल्या एका केमिकल कंपनीत तो मोजमापाची यंत्रं दुरुस्त करायचा. पॅनेलवर सगळं इंग्रजी, आणि कामगार दिव्याच्या रंगावरून बटणं दाबणार. विनीतने एका पाळीत सगळ्या दिव्यांखाली मराठी पट्ट्या चिकटवल्या. दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्याच्याच हातून त्या खरवडून काढल्या. विनीत भांडला नाही. तो भांडतच नाही, हा त्याचा मोठा दोष आहे असं माझं मत आहे. पुढे ते खातं बंद पडलं, तो मुरुडला परतला. लग्न राहून गेलं होतं, मग आईही गेली. एकट्यासाठी दोनदा चूल कशाला, म्हणून रात्रीचं जेवण तो सकाळीच करून ठेवतो.

माझं दापोलीत स्टेशनरीचं दुकान आहे. दर गुरुवारी तो येतो, चहा पितो आणि शब्दांवरून माझं डोकं खातो. एकदा तीन गुरुवार एकच प्रश्न चालला होता. प्रणालीचे जे तुकडे बिघडतात, त्यांना ‘मोडलेली पॅकेजेस’ म्हणावं की ‘तुटलेली’? मी वैतागून म्हटलं, "अरे, वाचणारं कुणी नाही, तर काहीही म्हण." तो हसला. मला त्या बोलण्याची अजून लाज वाटते. माझ्या दुकानातला कॉम्प्युटर त्यानेच बसवून दिलाय, आणि मी तो पहिल्या दिवसापासून इंग्रजीत वापरतो.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात दमयंतीबाईंचा फोन आला. दाभोळच्या एका मच्छीमार सोसायटीत त्या कारकून आहेत, कागद-रजिस्टरं माझ्याकडूनच नेतात. सोसायटीचा कॉम्प्युटर दोन दिवस सुरूच होत नव्हता, काळा पडदा यायचा आणि थांबायचा. चार दिवसांनी मासेमारीचा हंगाम सुरू होणार आणि सगळ्या बोटींचे कागद त्याच्या पोटात. दुरुस्तीवाला येऊन गेला होता.

"सगळा पुसायला लागंल म्हणून सांगितलान," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. "लिनक्सवाला कोण हाय काय वो तुमच्या वळखीचा?"

असा एकच माणूस माझ्या ओळखीचा. त्याला मागे बसवून मी स्कूटर दाभोळकडे काढली.

विनीतने मशीन पाहिलं आणि सुरू होतानाच एक कळ दाबून धरली. एक यादी आली. "अपडेट अर्ध्यावर तुटलंय," तो म्हणाला. "नवा गाभा, म्हणजे प्रणालीचं मूळ, अर्धवट बसलाय. पण जुना आत असतोच, त्यावरून उठवू." त्याने यादीतला जुना गाभा निवडला, दुरुस्तीचा मार्ग धरला, आणि पडद्यावर नुसते चौकोन आले. आठ ओळी, सगळे पांढरे रिकामे चौकोन.

"ह्येच!" दमयंतीबाई म्हणाल्या. "दुरुस्तीवाला हितंच अडाकला."

मला वाटलं, संपलं. पण विनीत खुर्चीत ताठ झाला होता. माझा दंड धरून तो कुजबुजला, "अरे, हे मराठी आहे."

झालं होतं असं की सोसायटीला हा जुना कॉम्प्युटर कुठल्याशा संस्थेने दिलेला, आणि देतानाच तो मराठीत लावून दिलेला. दुरुस्तीच्या त्या साध्या पडद्याला देवनागरी काढता येत नाही. म्हणून प्रत्येक अक्षराला एक चौकोन, आणि काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडल्याची खूण, सगळ्यांना आपापला वेगळा चौकोन. चौकोन बघून हरखलेला माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

त्याने पडद्यावर बोट टेकवून एकेका शब्दाचे चौकोन मोजायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीवर थांबला. "सात, सात, सात, तीन. तुटलेली पॅकेजेस दुरुस्त करा." हसून माझ्याकडे पाहिलं. "‘मोडलेली’ ठेवलं असतं तरी सातच झाले असते बघ."

त्या ओळीवर त्याने एंटर दाबलं. मशीन पंधरा मिनिटं खुडबुडत राहिलं, मग त्याने ते पुन्हा सुरू केलं, आणि पडदा उजळला. बोटींचे कागद जिथल्या तिथे होते. दमयंतीबाईंनी हात जोडले आणि चहा सांगितला.

मला राहवेना. या मशीनमधलं मराठी कुणी लिहिलंय ते आता सांगायचंच, म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात विनीतनेच विचारलं, "ताई, हे झालं कसं? मधेच बंद केलं होतंत का?"

"काय सांगू वो. परवा सांच्याला निघताना त्याच्यावर आला, ‘अद्यतने प्रतिष्ठापित होत आहेत’. मी म्हटला, गणपतीला अजून महिना हाय, हा आत्ताच कोणाची प्रतिष्ठापना करतो? थांबले, थांबले, पण सरंच ना. माजी धोपाव्याची फेरीबोट चुकत होती. मग भिंतीवरचा बटनच बंद केला."

विनीतने टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. ‘अपडेट बसवले जाताहेत’ याचं ते मराठी त्याचंच होतं.

"बटण तुम्ही बंद केलंत ही चूक तुमची नाही," तो हळूच म्हणाला.

"ती असूंदे. पण आता येक करा. ह्याला इंग्रजी करून टाका. दुरुस्तीवाला म्हणत होता, मराठी नसता तर मी केला असता. चेअरमनपण तसाच म्हणतायत. पुन्ना हंगामाच्या तोंडावर घोटाळा नको."

दोष त्या पडद्याचा होता, भाषेचा नव्हे. नुसती दुरुस्तीची यादी इंग्रजीत ठेवून बाकी सगळं मराठीत ठेवता आलं असतं, हे त्याने मला नंतर सांगितलं. तिथे तो एवढंच म्हणाला, "करतो." ‘प्रदेश आणि भाषा’ उघडलं, इंग्रजी निवडली, ‘लागू करा’ दाबलं, ‘पुन्हा सुरू करा’ दाबलं. प्रत्येक शब्द त्याने कधीतरी एकट्याने बसून ठरवलेला होता. मला ते बघवेना, मी दारात जाऊन उभा राहिलो.

परत आलो तर त्याने खिशातली वही काढली होती. "ताई, आणखी कुठले शब्द कळत नव्हते?"

"तुमाला कशाला?"

"असंच."

त्या आठवून सांगायला लागल्या. ‘कळफलक’ म्हणजे कीबोर्ड हे दोन वर्षांनी कळलेलं. डिस्कच्या भागांचं ‘विभाजन’ आलं की घराच्या वाटण्या आठवायच्या. "पण बाकीचा चांगला होता वो. सादा होता, आपल्यासारका." विनीत लिहीत राहिला. प्रतिष्ठापनेच्या जागी काय हवं होतं, तेही त्याने विचारलं.

"काम चालू हाय, बंद करू नका. येवढा पुरं की."

त्याने ते लिहून घेतलं, खाली रेघ मारली, आणि आम्ही निघालो.

दाभोळचा चढ संपला. मग विनीत मागून म्हणाला, "एक होती रे."

"कोण?"

"वाचणारी. इतकी वर्षं रोज वाचत होती." पुढे म्हणाला, "आज कळलं, आणि आजच गेली."

मी गाडी थांबवली नाही. थांबवली असती तर मागे वळून त्याच्याकडे बघावं लागलं असतं.