चक्कर न मारलेली सायकल

संगप्पाकडे सायकल दुरुस्तीला टाकली की ती त्याच दिवशी हातात पडेल, अशी आशा धरणारा माणूस लातुरात नवा आहे असं खुशाल समजावं. मीही नवा होतो तेव्हा धरायचो. नांदेडहून इथल्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला आलो आणि आल्याआल्या एका डॉक्टरच्या मुलाची जुनी गेअरची सायकल घेतली. जाड टायरची, डोंगरात चालवायची. लातुरात डोंगर कुठला, पण रस्त्यातले खड्डे ती उणीव भरून काढतात.

त्या सायकलीने माझा जीव मेटाकुटीला आणला. चढ आला, पेडलवर जोर दिला की चेन घसरायची, पेडल मोकळंच फिरायचं आणि माझा गुडघा हँडलवर. मी तावातावाने संगप्पाकडे जायचो. तो चेन बोटाने ओढून बघायचा आणि म्हणायचा, लांबली. मी म्हणायचो, मग बदल. तो मान हलवायचा. नुसती चेन बदलून भागत नाही. जुन्या चेनने मागच्या चाकावरच्या, गेअरला एक अशा चकत्यांचे दात आपल्या मापाने झिजवून ठेवलेले असतात. त्यांच्यावर नवी चेन बसल्यासारखी दिसते, पण बसत नाही. जोर आला की उडी मारते. बरं, मग चकत्या बदल. तर त्या मिळत नाहीत. तशा चकत्यांची सायकल निघायची बंद होऊन जमाना झाला. पुण्याहून मागवल्या तर भलत्याच मापाच्या येतात आणि परत पाठवायला गेलं तर तिकडचा माणूस फोन उचलत नाही. एकाला हात लावला की दुसरं बोंबलतं, असला सगळा मामला.

एवढं सगळं जमून आलं तरी सायकल मिळायची नाही, कारण चक्कर बाकी असायची. संगप्पा प्रत्येक सायकल स्वतः चालवून बघायचा. दुकानापुढच्या गल्लीला थोडा चढ आहे. तिथे तो एकेका गेअरवर, सीटवरून उठून, सगळा भार पेडलवर टाकून वर जायचा आणि खाली यायचा. मुलांना क्लासची घाई असायची, ती पाय आपटायची. स्टँडवर फिरवून बघा ना काका, चालतंय की. स्टँडवर काय, मेलेली सायकलपण फिरते, असं तो म्हणायचा आणि पुन्हा चढाला लागायचा. मी त्याला चिडवायचो की संगप्पा, तुला ऑलिम्पिकला पाठवायला पाहिजे. तो हसायचा नाही. काम करताना मी त्याला कधी फारसं हसलेलं पाहिलंच नाही. कपाळावर कायम आठी, आणि नजर गिऱ्हाईक गेलेल्या दिशेला.

त्याच्या दुकानाच्या अवतीभवती क्लास वाढत गेले तसे होस्टेल वाढले, खानावळी वाढल्या आणि सायकली वाढल्या. या सायकली एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे जातात. पोरं डॉक्टर-इंजिनिअर व्हायला निघून जातात. सायकली मात्र नापास झाल्यासारख्या दर वर्षी त्याच वर्गात बसतात. किती जणांनी दामटून झिजवल्या, देव जाणे. संगप्पा माणसांची नावं लक्षात ठेवत नसे. सायकल बघितली की मात्र तिची मागची तीन खानदानं सांगायचा.

'चालतंय की' हे आमच्याकडचं सगळ्यात लाडकं उत्तर आहे. छप्पर गळतंय? चालतंय की. ब्रेक लागत नाही? चालतंय की. संगप्पाला मात्र हे दोन शब्द सोसत नसत. ते का, हे त्याने मला एकदाच सांगितलं, चाकाचा बाक काढता काढता, वर न बघता. त्याचं गाव किल्लारीच्या अलीकडे. भूकंपाच्या आदल्या वर्षापासून तिथे जमीन अधूनमधून गुरगुरायची, भांडी हलायची. पहिल्यांदा लोक घाबरले, बाहेर झोपले; मग सवय झाली. त्याची आई नागुबाई मात्र म्हणायची, आपण अंगणात झोपू. गणपती विसर्जनाला संगप्पा लातूरला निघाला तेव्हाही ती हेच म्हणाली. पावसाची भुरभुर होती. तो म्हणाला, काही होत नाही, चालतंय, आत झोप. दुसऱ्या दिवशी तो गावात पोचला तेव्हा घर ओळखू येत नव्हतं. एवढं सांगून तो चाक फिरवून बघायला लागला. मी माझी सायकल न घेताच घरी आलो.

आता येळवसेची गोष्ट सांगतो.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. पौषाच्या तोंडाशी येणारा हा सण आमच्या भागाबाहेर फारसा कुणाला ठाऊक नाही. त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं. दुकानं बंद, क्लास बंद, जो तो शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करायची, आणि मग कडधान्यं-भाज्यांची मिसळ भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, ताकातली आंबील असं जेवण. ज्याला शेत नाही त्याला कुणीतरी बोलावतंच. मला संगप्पा बोलवायचा. गावाकडे त्याची थोडी जमीन होती. त्या वर्षीही मी मोटरसायकल काढून सकाळीच पोचलो. तो आणि त्याची बायको शिवकांताबाई आदल्या संध्याकाळीच एसटीने गेले होते.

पूजा झाली. शिवकांताबाईंनी पत्रावळी मांडल्या, भज्जी वाढली. मी उंडा मोडला. संगप्पा पत्रावळीकडे बघत बसला होता. मला वाटलं, देवाचं काही राहिलं असेल. बाईंनी दोनदा म्हटलं, जेवा की. तेव्हा तो माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, म्या काल चक्कर न मारता सायकल दिली."

मी म्हटलं, बरं मग? माझ्या तोंडात घास होता आणि खरं सांगायचं तर मला राग आला. सणासुदीला तरी या माणसाने दुकान डोक्यातून उतरवावं की नाही? पण तो सांगत राहिला. काल संध्याकाळी दुकान बंद करताना एक मुलगी आली होती. किनवटकडची. आमच्या किनवटला असली येळवस नसते म्हणाली, पण मैत्रिणीने शेतात बोलावलंय, औशाच्या रस्त्याला, उद्या सायकलवर जाणार. निळी गेअरची सायकल, आणि तिची चेन तुटलेली. संगप्पा ती सायकल ओळखत होता. आधीच्या पोरांनी ती वेगासाठी कायम सगळ्यात लहान चकतीवर दामटलेली. त्या चकत्या बदलायला पाहिजेत हे त्याला ठाऊक होतं. पण चकत्या नव्हत्या, बाजार बंद व्हायला आलेला, शिवकांताबाई पिशव्या घेऊन उभ्या, एसटी निघायची वेळ झालेली. पोरगी रडवेली झाली होती. एकटीच होस्टेलवर राहायची वेळ आली असती तिच्यावर. त्याने नवी चेन टाकली, स्टँडवर फिरवून दाखवली.

"म्या तिला काय म्हनलं ठाव हाय का?" तो म्हणाला. "चालतंय, जा."

शिवकांताबाईंचा वाढता हात थांबला. उसाचे दिवस होते. औशाच्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर डुलत चाललेले असतात, आणि मागून ट्रॅक्टर आला की सायकलवाला काय करतो? उठून जोरात पेडल मारतो, लवकर पुढे निसटायला. नेमकी तेव्हाच ती चेन उडी मारणार. मी फिजिक्स शिकवतो, मला ते चित्र लगेच दिसलं आणि नको इतकं स्पष्ट दिसलं.

फोन करावा तर तिचा नंबर नाही. नावही याने विचारलेलं नाही. क्लास बंद, होस्टेल ओस. मी उठलो. शिवकांताबाईंनी उंडे आणि भज्जी फडक्यात बांधली आणि गाठोडं माझ्या मोटरसायकलच्या बाजूच्या डिकीत कोंबलं. मला एवढंच म्हणाल्या, "दादा, त्यांना एकट्याला सोडू नका."

तो मागे बसला आणि आम्ही लातूरच्या दिशेने, औशाकडे निघालो. माझ्या खांद्यावर त्याचा हात होता आणि तो हात सारखा आवळत होता. औसा सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसती माणसंच माणसं. शेताशेतात कोपी, धूर, पोरांचा गोंगाट. रस्त्याने जाणाऱ्याला लोक हात करून बोलवत होते, या जेवायला. मी मान हलवत पुढे जात होतो. सायकल दिसली की वेग कमी करायचो. काळी. लाल. एक निळी दिसली, पण ती साधी होती. मला माझाच राग यायला लागला होता. कुणाची कोण पोरगी, आणि मी रस्त्यावरची एकूण एक सायकल तपासत चाललेलो.

मग पुढे गर्दी दिसली. उसाचा ट्रॅक्टर रस्त्यात आडवा थांबलेला, आणि ट्रॉलीच्या मागच्या चाकापाशी माणसं वाकून बघत होती. मी ब्रेक दाबेपर्यंत संगप्पा उतरलासुद्धा. उतरला म्हणजे पडलाच जवळजवळ, आणि तसाच पळत गेला. मी गाडीवरच बसून राहिलो. पुढे जायची माझी हिंमत झाली नाही, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. गर्दीतून त्याचं डोकं दिसत होतं. ते वाकलं, मग बराच वेळ वर आलं नाही.

ट्रॉलीतून मोळ्या घसरून रस्त्यात पडल्या होत्या. एवढंच होतं. संगप्पा परत आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी त्याला पाणी दिलं. त्याने ते तोंडावर मारलं, प्यायला नाही.

तिथून थोडंच पुढे गेलो आणि त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. बांधावरच्या बाभळीला निळी सायकल टेकून ठेवली होती. शेतात कोपीपुढे दहा-बारा माणसांची पंगत बसली होती आणि त्यात ती मुलगी. तनुजा तिचं नाव, हे मला तेव्हा कळलं. हातात आंबिलीचा पेला घेऊन खिदळत होती. मला इतकं हायसं वाटलं की तिच्यावर उगाचच ओरडावंसं वाटलं.

संगप्पाने विचारलं, चेन घसरली का? ती म्हणाली, नाही काका, एकदम मस्त चालली. त्याचा विश्वास बसेना. गेअर कोणता लावलास? तर ती लाजली. तिला गेअरमधलं काही कळत नव्हतं. घेतली तेव्हापासून ती मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवरच सायकल चालवत होती, पाय हलका लागतो म्हणून. त्या चकतीला आधीच्या पोरांनी कधी हातही लावला नव्हता. तिचे दात कोरे होते, आणि नवी चेन तिच्यावर छान बसली होती.

झालं, मी म्हटलं, सुटलास संगप्पा, आता चल, जेवू. शेतमालकही आग्रह करायला लागले. पण तो बाभळीपाशी जाऊन सायकल घेऊन उभा राहिला होता. ही मी लातूरला नेतो, तो शेतमालकांना म्हणाला, पोरीला तुम्ही गाडीवर सोडा. तनुजा म्हणाली, काका, मी येताना याच गेअरवर आले, जातानाही याच गेअरवर जाईन की, काय होतंय?

"तू नीट जाशील गं बाळ," तो म्हणाला. "पन माजी चक्कर राहिली हाय."

तो सायकलवर बसला. मी मोटरसायकलवर त्याच्या मागे, बैलगाडीच्या वेगाने. मनातल्या मनात त्याला शिव्या देत होतो. पन्नाशी उलटलेला माणूस, सकाळपासून पोटात अन्न नाही. थोड्या अंतरावर रस्त्याला चढ लागला. तिथे त्याने गेअर बदलला. चेन कटकट करत खाली खाली उतरत गेली आणि त्या लहान चकतीवर जाऊन बसली, जी पोरांनी झिजवली होती. मला कळलं तो काय करणार आहे. मागून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मी हॉर्न वाजवला, हाक मारली. तो सीटवरून उठला आणि आपला सगळा भार पेडलवर टाकला.

कट्ट असा आवाज आला. पेडल मोकळं फिरलं, संगप्पा हँडलवर आपटला आणि सायकलसकट डावीकडे मुरमात कोसळला. ट्रॅक्टर आमच्या अंगावरून गेल्यासारखा गेला, त्याच्या पाठोपाठ एक ट्रॉली, मग दुसरी. ड्रायव्हर काहीतरी ओरडला. धूळ खाली बसायच्या आत मी गाडी तशीच टाकली.

पळत गेलो तर तो उठून बसला होता. गुडघा फुटला होता, तळव्याची साल निघाली होती. त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. तो चेनकडे बघत होता, आणि कपाळावरची आठी, जी मी इतकी वर्षं पाहत आलो होतो, ती नव्हती.

"घसरली, सर," तो म्हणाला. "माज्याखाली घसरली."

मी त्याला झापणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण त्याने रक्ताळलेला हात पँटला पुसला आणि विचारलं, शिवकांताने बांधून दिलेलं गाठोडं आहे ना? भूक लागली होती त्याला. मी डिकीतून ते काढलं आणि आम्ही दोघं तिथेच मुरमावर बसून जेवलो.