दुसऱ्यांदा आलेला कडू घास

आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बायबलातल्या जुन्या यहुदी संदेष्ट्याची ती कविता तोंडपाठ आहे. शहर जळून गेलंय, माणसं परमुलखात कैदेत आहेत, आणि देव संदेष्ट्याला सांगतोय, माझ्या माणसांना धीर द्या. लगेच पुन्हा तेच. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला आमची छोटी ख्रिस्ती मंडळी, आबा तिचे पाळक. गावात कुणाचंही मयत होवो, बायबल बगलेत मारून ते निघायचे. देवाने दोनदा का सांगितलं, असं मी लहानपणी विचारलं होतं. "मार खाल्लेल्याला पहिल्यांदा ऐकू येत नाही," आबा म्हणाले. स्वतःच्या घरात रक्त सांडेपर्यंत मला ते फार शहाणपणाचं वाटायचं.

माझे दोघे भाऊ केळी कापणाऱ्या टोळीत. थोरला कोयत्याने घड उतरवायचा, धाकटा तो खांद्यावर झेलायचा. त्या सकाळी ट्रक आधी कुणी भरायचा यावरून दोन टोळ्यांची जुंपली. दुसऱ्या टोळीतला पोरगा आमच्याच गावचा, खालच्या आळीचा. त्याने फिरवलेला कोयता धाकट्याच्या मानेवर बसला. खांद्यावर घड होता, त्याला धड हातही वर करता आला नाही. थोरल्याने त्याला उचलून बांधापर्यंत आणलं, तिथेच तो गेला. सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग होते, त्यावर रक्त.

पोलिसांनी त्या पोराला नेलं. त्याचा भाऊ मात्र गावातच होता.

माती देऊन आल्यावर थोरला ओट्यावर बसला आणि कोयत्याला धार लावू लागला. कुणासाठी, हे सगळ्यांना कळत होतं. खरं सांगते, तो अजून उठत का नाही म्हणून माझा जीव जळत होता. समोर आबा बायबल हातात धरून ती कविता म्हणत होते. एक पोरगा मातीत गेला, दुसरा तुरुंगात जाणार, हे त्यांना दिसत होतं. ओळ अर्ध्यात तुटायची, ते पुन्हा सुरू करायचे.

मयताच्या घरी चूल पेटत नाही. गावातले लोक भाकरी आणतात, त्याला कडू घास म्हणतात. आमच्या वरच्या आळीत मयत झालं की पहिला घास खालच्या आळीने आणायचा, ही आमच्या गावाची रीत. दुसरी कुणी आली असती तरी चाललं असतं. पण आली त्या कोयता फिरवणाऱ्या पोराचीच आई. फडक्यात भाकरी बांधून.

थोरला कोयता घेऊन उठला. पण त्याच्या आधी आबा उठले. जन्मभर लोकांना धीर देणारे आमचे आबा! हातातलं बायबल त्यांनी तिच्या कपाळावर हाणलं. ती पडली, तशी त्यांनी भाकरी लाथेने उडवल्या. कपाळातून रक्ताची धार लागली आणि मला, देवा, बरं वाटलं. तिने मातीतल्या भाकरी वेचून फडक्यात बांधल्या आणि निघून गेली. थोरला आबांकडे बघतच राहिला.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. कपाळाला चिंधी बांधलेली, एक डोळा सुजून बंद.

"काल तुम्ही खादं नही," ती आमच्या आईला म्हणाली, "म्हनीसन परत भाकर लयनू. मी बी माय शे."

थोरल्याच्या हातात कोयता होताच. तो म्हणाला, "आबा, सांगा, काय करू?"

आबा तिच्यापुढे खाली बसले, तिच्या फडक्यातली भाकरी मोडली, तोंडात घातली आणि हंबरडा फोडला. मग अर्धी भाकरी थोरल्यापुढे धरली. शेवटी भाकरी घ्यायला त्याने कोयता खाली ठेवला.

मी ती भाकरी खाल्ली नाही. त्या बाईशी मी अजून बोलत नाही आणि बोलणारही नाही. पण थोरला रोज संध्याकाळी घरी येतो, आपल्या पोरीला खांद्यावर बसवून गावभर फिरवतो, ते मी बघते.

आबा आता कुणाच्या मयताला निघाले की बायबल घरी ठेवतात. आईला भाकरी टाकायला सांगतात.